रिकाम्या टाकीचा वास

कोल्हापूर ते फोंडाघाट हा रस्ता गेल्या चौदा वर्षांत इतक्यांदा झालाय, की राधानगरीपर्यंतची वळणं मी झोपेत सांगेन. सासुरवाडीचा रस्ता तो, त्यावर कोण प्रवासवर्णन लिहितो? पण यंदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या तीनेक तासांच्या वाटेला आम्ही शुक्रवारी लागलो आणि पोचलो रविवारी. कारण एक गिरमिट.

सुताराचं नव्हे. जमिनीत खड्डे पाडायचं पेट्रोलवरचं मशीन. दुकानदार त्याला अर्थ ऑगर म्हणतात, शेतकरी ‘खड्डे काढायचं मशीन’ म्हणतात आणि उद्यमनगरातले आमचे मिस्त्री म्हणतात गिरमिट. आमच्या पोराला गिरमिट म्हटलं की निपाणी-बेळगावकडचं चुरमुऱ्याचं गिरमिटच डोळ्यांपुढं येतं. ‘गिरमिट घेऊन मामाकडं जायचंय’ हे ऐकून तो दोन दिवस खूश होता.

काम असं होतं. मेव्हण्यानं घरामागची एकरभर वरकस जमीन साफ करून घेतली होती. तिथं वेंगुर्ला-४ जातीची साठ काजूकलमं लावायची आणि कडेनं तारेचं कुंपण घालायचं, कारण गवे हल्ली वाडीपर्यंत येतात. साठ खड्डे कलमांचे, पस्तीस खांबांचे. तांबडी जमीन पहारीला दाद देईना आणि कामाला माणसं मिळेनात. फोनवर बोलता बोलता मी बोलून गेलो, “मशीन मी आणतो.” जावयानं सासुरवाडीला दिलेला शब्द, आता मागं कसा घेणार?

शुक्रवार

मशीन गुरुवारी संध्याकाळीच आणलं होतं. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, नऊ-दहा किलो वजन, खाली लावायला आठ आणि बारा इंची दोन बिटं, म्हणजे माती कापणारी मळसुत्री पाती. मिस्त्री दुकानात नव्हते. त्यांच्या पोऱ्यानं मशीन दिलं आणि वर प्रेमानं टाकी काठोकाठ भरून दिली. “सर, तिकडं पंप हुडकत फिराय नको.” मी ते सगळं आमच्या जुन्या हॅचबॅकच्या डिकीत आडवं टाकलं, वर सतरंजी घातली. शेजारी सासूबाईंसाठी घेतलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणि कपड्यांच्या पिशव्या.

सकाळी सहाला निघायचं ठरलं म्हणजे आमच्याकडं साडेसात. ऊन चढलेलं होतं म्हणून काचा वर, एसी चालू. फुलेवाडी ओलांडेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग ही म्हणाली, “पंपावर सांडलं का हो काही?” मी म्हटलं, “येणारच थोडा वास.” पुईखडीच्या चढावर पोरगं मागं आडवं झालं होतं, ते उठलं आणि काही न सांगता सकाळची मिसळ परत केली.

थांबलो. डिकी उघडली तर सतरंजीला हाताएवढा ओला डाग. मी मशीन फिरवून झाकण वर केलं, डाग फडक्यानं पुसला आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा शहाणपणा केला: वास बाहेर जावा म्हणून डिकी वीतभर उघडी ठेवून दोरीनं बांधली. हळदी गावापर्यंत गेलो असू. आता पेट्रोलचा वास थोडा कमी, पण डोकी ठणकायला लागलेली, माझंसुद्धा. ही म्हणाली, “अहो, गाडी वळवा. मला माहेरी जायचंय, वर नाही.”

वळवली.

इथं कबूल करायला हवं की मी शाळेत विज्ञान शिकवतो. बाष्पीभवन, वायूंची घनता, प्रसरण, सगळं दरवर्षी फळ्यावर काढतो. तरी घरी येऊन पंख्याखाली पडल्यावर एकेक गोष्ट उलगडायला लागली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, गाडीच्या तळाशी साचते, म्हणजे नेमकी तिथं जिथं पोरगं झोपलं होतं. एसी आतलीच हवा फिरवायच्या बटणावर होता, म्हणजे बाहेरची ताजी हवा जवळजवळ बंद. आणि ती उघडी डिकी? चालत्या गाडीच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो, भोवरे तयार होतात. मागची फट उघडी असली की त्यातून आतली हवा बाहेर जाण्याऐवजी सायलेन्सरचा धूरच आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. पेट्रोलच्या वासानं निदान आम्हाला ओरडून सांगितलं होतं.

गूळ गेला. सगळा रवा. फोडून वास घेतला तर आतपर्यंत पंपावरचा. गुळानं असं ओढून घ्यावं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. हिला आश्चर्य नाही, फक्त राग.

शनिवार

सकाळी गाडीपाशी शेजारच्यांची सभा. एकानं सांगितलं, गाडीत उदबत्ती लावून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्का मिसळली तरी पेट घेऊ शकते, तिथं निखारा! दुसऱ्यानं स्वतःच्या गाडीतला लिंबाचा परफ्यूम आणून अडकवला. परिणामी लिंबू घातलेल्या पेट्रोलचा वास यायला लागला, तो जास्त वाईट. मी घरातला व्हॅक्यूम क्लीनर काढला होता, तो मात्र स्वतःच परत ठेवला. त्याच्या मोटरीत ठिणग्या उडतात आणि तो वाफच आत ओढून घेतो. शेवटी चारी दारं उघडी, मॅट उन्हात आणि डिकीतल्या ओल्या जागेवर पाव किलो खायचा सोडा. संध्याकाळी तो झाडून काढला. वास सगळा गेला नाही, पण नाक खुपसल्याशिवाय कळेना.

दुपारी मशीन घेऊन उद्यमनगरात. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांना सांगतो: एका गल्लीत ओतीव काम, पुढच्या गल्लीत लेथ, त्याच्या पुढं कुणीतरी ऑइल इंजिनाचे सुटे भाग घासत बसलेला. इथले मिस्त्री नट हातात घेऊन आटे सांगतात. आमच्या मिस्त्रींनी मशीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“आडवं टाकलं व्हय सर?”

“हो.”

“टाकी भरून?”

“तुमच्या पोऱ्यानंच भरली.”

“मग वास याचा न्हाई तर काय अत्तर याचं? ह्या झाकणाला भोक असतंय. पेट्रोल खाली गेलं की वरनं हवा आत याय नको? न्हाईतर इंजन घुसमटून बंद पडंल. उभं हाय तवर हवा आत जाती. आडवं केलं की पेट्रोल भाईर येतंय.”

शिवाय काठोकाठ भरलेली टाकी. पेट्रोल दहा अंशांनी तापलं की लिटरमागं साधारण दहा मिली वाढतं. उन्हातल्या डिकीत ते जाणार कुठं? झाकणाच्या भोकातूनच. मिस्त्रींना हे आकडे माहीत नव्हते, पण टाकी कधीही गळ्यापर्यंत भरायची नाही हे त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं. पोऱ्यालाही सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत.

मग त्यांनी जे करून दाखवलं ते सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख त्यात आहे. आधी गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्यावर मशीन आणलं. टाकीतलं तेलपेट्रोल नरसाळ्यानं लोखंडी डब्यात ओतून घेतलं. मला वाटलं झालं. “कुठलं झालं? कार्बोरेटरात हाय, नळीत हाय.” तिथल्या रबरी फुग्याला आठ-दहा वेळा दाबलं, तसं नळीतलं उरलेलं टाकीत परत आलं, तेही ओतलं. मग मशीन चालू केलं. दोरी ओढल्यावर ते सुरू झालं, मिनिटभर बारीक आवाजात चाललं, शेवटी एकदम चढलं आणि विझलं. पुन्हा दोरी ओढली, फुर्र. पुन्हा ओढली, नुसता खरखराट. “आता कोरडं झालं.” तरीही झाकण उघडून नाक लावलं तर वास होताच.

“रिकामी टाकी लई वंगाळ सर,” मिस्त्री म्हणाले. “भरलेल्या टाकीत पेट्रोल असतंय. रिकाम्या टाकीत वाफ असती.”

हे वाक्य मी फळ्यावर लिहायला हवं होतं इतकी वर्षं. पेटतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. द्रव ओतून टाकलं म्हणजे वाफेला आत मोकळी जागाच मिळते. म्हणून मिस्त्रींचा हुकूम: झाकण काढून रात्रभर उघड्यावर ठेवायचं, सावलीत, वाऱ्याला. घरात नाही, बाल्कनीतही नाही. आमच्या बाल्कनीत गॅस गीझर आहे. मशीन गच्चीवर गेलं.

निघताना एक गोष्ट जाता जाता बोलले: “टूस्ट्रोक हाय म्हणून आडवं टाकून बी वाचलासा. ह्यात ऑइल पेट्रोलमधीच असतंय. फोरस्ट्रोक असतं तर खालचं ऑइल एअर फिल्टरात, न्हाईतर सिलिंडरात चढलं असतं. ते उभंच न्यायचं.”

रात्री पुतण्याचा व्हिडिओ कॉल. तो मिनेसोटात असतो. आमची कथा ऐकून हसायचा थांबेना, कारण तिथं हेच दरवर्षी होतं म्हणे. थंडीत तळी गोठतात. चालायला निदान चार इंच जाड बर्फ लागतो, आणि गाडी नेण्याइतका तो जाड झाला की लोक त्यावर गाड्या घेऊन जातात, ऑगरनं भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून बसतात. तिथलं मिल लॅक्स नावाचं भलं मोठं तळं त्यासाठी प्रसिद्ध आहे. बर्फाचा ऑगर म्हणजे आमच्याच गिरमिटाचा भाऊ: वर तसंच छोटं इंजिन, खाली बर्फ कापणारं पातं.

“काका, आमचं तर अजून वाईट. बाहेर उणे वीस. काच कोण उघडणार? हीटर चालू आणि मागं पेट्रोलचा ऑगर. पहिल्या वर्षी मी घरी आलो तर जॅकेटचा वास आठवडाभर गेला नाही.”

“मग करता काय?”

“कोणी गाडीच्या मागं बाहेरच्या बाजूला रॅक लावतात, त्यावर बांधतात. कोणी कार्बोरेटर कोरडा करून घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात. आणि आता बरेच जण सरळ बॅटरीवाला घेतात. वास नाही, आवाज नाही. फक्त थंडीत बॅटरी मंदावते, म्हणून ती मांडीवर घेऊन बसायची, लेकरासारखी.”

त्यानं आणखी एक सांगितलं. बर्फावर लोक छोटी खोपटी उभी करतात आणि आत बसून मासे धरतात. त्या बंद खोपटीत पेट्रोलचं इंजिन चालवू नये, हे तिथं सगळ्यांना पाठ असतं, तरी कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावतात. म्हणजे उणे वीसचा मुलूख असो नाहीतर हळदीचा रस्ता, डोकं ठणकायचं कारण तेच.

झोपायच्या आधी खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील जिन्यात भेटले. मी विचारलं, डब्यात पेट्रोल न्यायला चालतं का? ते खूश झाले, बरेच दिवस कुणी कायदा विचारला नसावा. १९३४ चा पेट्रोलियम कायदा: विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं. पण घट्ट बुचाच्या भांड्यात, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. “प्लॅस्टिकच्या बाटलीचं नावच नाही त्यात,” ते म्हणाले आणि समाधानानं वर गेले. ते खाली राहतात हे दोन पायऱ्यांनंतर त्यांच्या लक्षात आलं.

रविवार

गच्चीवर जाऊन टाकीला नाक लावलं. जुन्या लोखंडाचा वास. पुरे.

बिट खालची पिन काढून वेगळं केलं आणि पोत्यात गुंडाळलं. इंजिन उभं, झाकण वर, लग्नातल्या भांड्यांसाठी घेतलेल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तळाला वर्तमानपत्रं. डबा पट्ट्यानं सीटच्या कडीला बांधला, कारण अचानक ब्रेक लागला तर दहा किलोचं इंजिन आपल्याआधी पुढं येतं. पेट्रोल एक थेंब नाही. एक नवा कोरा पाच लिटरचा पत्र्याचा डबा घेतला, तोही रिकामा, भरायचा तो घाट उतरल्यावर. एसीचं बटण बाहेरच्या हवेवर. नवा गुळाचा रवा हिच्या मांडीवर, तिनं तो मागं ठेवायला साफ नकार दिला.

पुईखडी आली. तिघंही गप्प, नाकपुड्या ताणून. पोरगं म्हणालं, “वास येत नाही.” ही म्हणाली, “बोलू नकोस, दृष्ट लागेल.”

हळदी, परिते, भोगावतीचा साखर कारखाना, दोन्ही बाजूंनी लागणीचा ऊस. या पट्ट्यात मी नेहमी वेग वाढवतो, आज मुद्दाम नाही. राधानगरीत चहा. धरणाच्या भिंतीवर उन्हाळी रया: पाणी खाली गेलेलं, काठाला तांबड्या रेघा. शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं, आणि इथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. पोराला सांगितलं. त्याला मोबाईलला रेंज का नाही यात जास्त रस होता.

दाजीपूरच्या जंगलात शिरलं की काचा खाली घ्यायच्या हा आमचा नियम. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान. ते ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. गवा दिसला नाही. दिसला असता तरी ही म्हणते तसं, “तो आपल्या कुंपणाचाच विचार करत असेल.” करवंदं मात्र मिळाली, द्रोणभर, आणि त्यांच्या चिकानं ओठ चिकटेपर्यंत आम्ही पेट्रोल विसरलो.

फोंडा घाट उतरताना एक गंमत दिसली. राधानगरीत पिऊन संपवलेली पाण्याची बाटली ही बूच घट्ट लावून पायाशी ठेवते. घाटाच्या खालच्या वळणांना ती कडाड् कडाड् वाजत आत दबली. पोरगं दचकलं. मी त्याला सांगितलं, वर बंद केलेली हवा विरळ होती, खाली दाब पाच-सहा टक्क्यांनी जास्त, बाहेरची हवा बाटलीला पिळतेय. तेव्हा मला ते फक्त शिकवायला बरं वाटलं. त्याचा दुसरा अर्थ बुधवारी कळला.

“इलात? येवा, येवा,” सासूबाई ओट्यावरून. “वाटेत तरास नाय ना जालो?”

“नाही.” शुक्रवारबद्दल कुणी बोलायचं नाही असं गाडीतच ठरलं होतं. पोरानं पहिल्या पाच मिनिटांत सगळं सांगितलं.

सोमवार

मेव्हण्याला मशीन कोरडं आणलंय हे पटेना. “भावोजी, इतक्या लांबून हाडलात आणि पेट्रोल नाय?” त्याच्याबरोबर पंपावर गेलो. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवून भरला, गाडीत किंवा हातात धरून नाही. लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल, मिस्त्रींच्या मापानं. डबा हलवून मिसळलं आणि टाकी पाऊण भरली.

त्यानं उत्साहात मशीन मांगरातच चालू करून बघायला घेतलं. मांगर म्हणजे तिन्ही बाजूंनी बंद, वर कौलं, आत गवताच्या पेंढ्या. मी हात धरून बाहेर ओढलं. पुतण्याचं बर्फावरचं खोपटं डोळ्यांपुढं होतं.

खड्ड्यांचं काम सुरू झालं आणि मला कळलं की मी याला घाबरायला हवं होतं, वासाला नव्हे. वरची वीतभर माती लोण्यासारखी कापली जाते. खाली जांभा लागला की बिट अडकतं आणि फिरतच राहिलेलं इंजिन तुम्हाला फिरवतं. पहिल्याच झटक्याला माझं मनगट मुरगळलं. मग मेव्हणा आणि त्याचा चुलतभाऊ, दोघं दोन बाजूंनी. जांभा लागला की पहारीनं फोडायचा, पुन्हा बिट. काजूला पुस्तकात सांगतात दोन फूट लांब, रुंद, खोल. बारा इंची बिटानं तेवढं होत नाही, म्हणून आम्ही दोन भोकं जोडून पाडली आणि मधली माती फावड्यानं काढली. बिटानं भिंती घासून गुळगुळीत होतात, मूळ त्यात शिरत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या कडा पहारीनं ओरबाडायच्या. हे काम पोराला दिलं. दिवसाच्या शेवटी एकोणतीस खड्डे. मशीनशिवाय पाच-सहा झाले असते, असं मेव्हणा म्हणाला. मशीनसकट माझे दोन्ही हात गेले होते, पण ते मी म्हणालो नाही.

रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात. घास उचलताना हात थरथरत होता.

मंगळवार

उरलेले खड्डे आणि आठ इंची बिटानं खांबांची भोकं. चार वाजता संपलं.

लगेच मिस्त्रींचा पाठ. टाकी ओतली, फुगा दाबला, इंजिन गार झाल्यावर पुन्हा चालू करून विझेपर्यंत चालवलं. उरलेलं दीडेक लिटर तेलपेट्रोल मेव्हण्याच्या गवतकापणीच्या मशीनसाठी ठेवलं, त्यालाही हेच मिश्रण चालतं. रात्रभर मशीन झाकण काढून अंगणात, तुळशीपासून लांब, कारण सासूबाई दिवा लावतात.

पत्र्याचा डबा मात्र मी रिकामा करून, झाकण घट्ट लावून डिकीत ठेवला. नवा डबा, चांगला, टाकून कशाला द्यायचा.

बुधवार

पहाटे गारव्यात निघालो. परतीला कोकम, सोलं, वालाच्या शेंगा, आणि हिच्या आईनं गुळाच्या बदल्यात दिलेली दोन किलो काजूबी. मशीनच्या डब्यातून वास नव्हता, मी खात्री केली होती.

घाट चढून दाजीपूरला आलो. पोराला गवा बघायचाच होता म्हणून गाडी उघड्यावर लावून जरा पायी फिरलो. तासाभरानं परत येऊन दार उघडलं, आणि शुक्रवार समोर उभा राहिला. तोच वास. हिनं माझ्याकडं पाहिलं.

डबा. रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा. बाजूचा पत्रा फुगून गोल झाला होता, आणि झाकणाच्या रबराखालून थोडी थोडी वाफ सुटत होती. चारी दारं सताड उघडून आधी गाडी मोकळी केली. मग डबा लांब झाडीत नेऊन झाकण फिरवलं: फुस्स. खाली गार पहाटे बंद केलेलं तोंड. वर आल्यावर बाहेरचा दाब कमी झाला, ऊन लागलं, आणि तळाशी राहिलेले थेंब उकाड्यात वाफ होत सुटले. चमचाभर पेट्रोलची वाफ लिटरभर जागा भरते, आणि तेवढी वाफ साठेक लिटर हवेला पेट घेण्याजोगं करते. उतरताना दबलेली पाण्याची बाटली मला हेच उलट्या बाजूनं सांगत होती. मी मशीनची टाकी रात्रभर वाळवली आणि डब्याची नाही, कारण डबा रिकामा होता!

अर्धा तास डबा उताणा करून वाऱ्याला धरला. तेवढ्यात पोरगं ओरडलं, “बाबा, गवा!” खाली ओढ्याच्या पलीकडं काळी पाठ, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एकच होता. मान वर करून त्यानं आमच्याकडं पाहिलं, नाक फेंदारलं आणि रानात गेला. वास त्यालाही आला असावा.

डबा शेवटी झाकण न लावता, पोत्यात गुंडाळून, पुढच्या दोन्ही काचा उघड्या ठेवून आणला. राधानगरीच्या पुढं त्यालाही वास राहिला नव्हता. कोल्हापुरात शिरताना फुलेवाडीच्या नाक्यावर ही म्हणाली, “पुढच्या वर्षी बॅटरीवालं.” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी खड्डे नाहीत.” ती म्हणाली, “दादा आणखी एक एकर साफ करतोय.”

संध्याकाळी मशीन परत द्यायला उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढलं, नाक लावलं, पुन्हा लावलं.

“चालवलं का न्हाई सर? वासच न्हाई की.”

मी पोत्यातून बिट काढून पुढं ठेवलं. त्यांनी आट्यांत अडकलेला जांभ्याचा खडा नखानं उचकटला, लाल माती बोटांत चुरली.

“चालवलंय,” ते म्हणाले. “पर धुऊन आणायचं असतंय हे कोण सांगायचं?”